टाकीवर फुटलेला नारळ

नारळ फुटला आणि मोटरसायकलची टाकी चेपली. दोन्ही एकाच फटक्यात झालं, त्यामुळे जमलेल्या मंडळींना "व्हय म्हाराजा" म्हणावं की "अरे देवा" म्हणावं ते कळेना. सवयीने "व्हय म्हाराजा"च बाहेर पडलं.

घाटकोपरच्या डोंगरउतारावर आमच्या कोकणातल्या गावाची एक खोली होती. गावातून आलेल्या कोणीही तिथे वळकटी टाकावी, पाळीप्रमाणे भात शिजवावा आणि नोकरी शोधावी, अशी पद्धत. सातवीत शाळा सुटल्यावर काही वर्षं गावात उंडारून मी तिथे आलो तो आबांचं बोट धरून. म्हणजे खरोखर बोट धरून. मिसरूड फुटलं होतं तरी रस्ता ओलांडताना मला धीर होत नसे. आबा खोलीतले सगळ्यांत थोरले. गिरणी बंद पडल्यापासून एका सोसायटीत रखवालदारी करत. त्यांनीच मला टेकडीखालच्या एका गॅरेजात डेंटिंगच्या, म्हणजे गाड्यांच्या पत्र्याचे पोचे काढायच्या, कामाला लावलं. उस्तादासमोर उभं करून माझी शिफारस केली ती अशी : "पोरगो भित्रो आसा, पण कामाक खोटो नाय." उस्ताद उत्तरेकडचे. त्यांना यातलं किती कळलं देव जाणे, पण त्यांनी मला ठेवून घेतलं.

खोलीत गाऱ्हाणं घालायचा मान आबांचा. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने आणि थोडं दरडावूनच केलेलं बोलणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. कुणाला नोकरी लागो, कुणाचं लग्न ठरो, आबा नारळ हातात घेऊन उभे राहत आणि देवाला पळवाट ठेवत नसत.

त्या दिवशी गाडी होती आबांच्या भाच्याची. भाचा मुलुंडला एका कारखान्यात फिटर. चेंबूरच्या एका हौशी माणसाकडून त्याने जुनी मोटरसायकल घेतली होती. त्या हौशी माणसाने शर्यतीच्या नादात तिला ॲल्युमिनियमची, पत्रा हाताने ठोकून केलेली टाकी बसवून घेतली होती. रंग नाही, नुसती चकचकीत. खोलीतल्या आरशापेक्षा त्या टाकीत तोंड बरं दिसायचं, म्हणून दोघंतिघं तिथेच भांग पाडत.

चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला झेंडूची माळ घातली, बाजूला नारळ फोडायला दगड मांडला. आबांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान दोन चाकांची गाडी हाडल्यान हा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या वाटेत काय आडवा-तिडवा येत आसात, तर ता उभ्या उभ्या बाजूक कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि नारळ आपटला. तो चेंडूसारखा उडाला आणि गटाराच्या कडेला जाऊन थांबला. कोणीतरी आणून दिला. पुन्हा आपटला, पुन्हा उडाला. न फुटणारा नारळ म्हणजे अपशकुन, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आबांचा चेहरा उतरला, आणि घाईघाईत त्यांनी जवळात जवळची टणक वस्तू गाठली.

"मामा," भाचा शांतपणे म्हणाला, "दगड खाली होता ना."

"माका दिसता," आबा म्हणाले. टाकीवरून नारळाचं पाणी ओघळत होतं, आणि झाकणाच्या शेजारी वाटीएवढा पोचा पडला होता. आबांनी खांद्यावरचा पंचा काढून त्यावर हळूच पांघरला, जसा काही तो झोपला होता.

भाच्याने एका शब्दाने बोल लावला नाही. पण आबांनी स्वतःला शिक्षा दिली. "आता माझ्या तोंडात गाऱ्हाणा नाय," असं जाहीर केलं. दोन घास कमी जेवू लागले. मग एका सकाळी म्हणाले, "माका गावाक जाऊक व्हया. हंय माझा काय काम?"

या शहरात माझं म्हणून जे काही होतं, ते आबांच्या ओळखीने होतं. झोपायची जागा, काम, रस्ता ओलांडायची हिंमत. खोलीची सत्यनारायणाची पूजा येत्या रविवारी होती. तिथेही आबा गप्प बसले, तर ते गावी जाणार हे नक्की.

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू डेंटर ना रे? मग काढ ना पोचा!"

मी तोपर्यंत टॅक्सीचे मडगार्ड सरळ केले होते. ते लोखंड. उस्तादांना विचारलं तर त्यांनी आधी हसून घेतलं, मग सांगितलं, "लोहा शरमीला है, गरम हुआ तो लाल हो जाता है. ये बेशरम है. रंग नहीं बदलेगा, सीधा पिघल जाएगा." मग उपाय : पोच्यावर कपडे धुण्याचा साबण घासायचा, वरून बर्नरची आच फिरवायची. साबण काळपट झाला की थांबायचं. तेवढ्यात पत्रा नरम होतो. त्याच्या पुढे गेलं तर भोक.

भोक हा शब्द मी दिवसभर डोक्यात घेऊन फिरलो. शेवटी ठरवलं, आधी हात बसवावा. खोलीत ॲल्युमिनियमची वस्तू एकच : भाताचा मोठा टोप. त्यालाही कोणत्या तरी जुन्या भांडणात एक पोचा पडला होता. टोप गॅरेजात नेला, साबण, आच, लाकडी हातोडा. झकास निघाला. टोप इतका गोल झाला की उस्तादांनीही मान डोलावली. मी तो मिरवत खोलीवर आणला.

त्या संध्याकाळी पानात भात पडला तो पळीने वाढावा लागला.

"ह्यो भात की खळ?"

"पाणी खंयपर्यंत घातलंस रे?"

"नेहमीसारखा, पोच्यापर्यंत!" ज्याची पाळी होती तो चिडला. मग त्याने टोप उचलला, फिरवला, पुन्हा फिरवला. "पोचो खंय गेलो?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. इतकी वर्षं खोलीचा भात त्या पोच्याच्या मापावर शिजत होता, आणि मी तो काढून टाकला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात कोपऱ्यातून खुसखुस ऐकू आली. आबा पंच्यात तोंड लपवून हसत होते. "मेल्या," ते म्हणाले, "जो ऱ्हवाक व्हयो, तोच काढलंस!"

त्या हसण्याच्या जोरावर मी टाकीला हात लावला. पेट्रोल काढलं, गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, वास जाईपर्यंत उघडी ठेवली. तरी उस्तादांचा भरवसा बसेना, म्हणून पोच्याच्या खालपर्यंत टाकीत पाणी भरलं, म्हणजे आत पेट्रोलची वाफ साठायला जागा नको. (पोच्यापर्यंत पाणी, हे मी खोलीत सांगितलं नाही.) साबण लावला. आच धरली. हात इतका थरथरत होता की उस्ताद म्हणाले, "ऐसे ही हिलाता रह, एक जगह नहीं टिकना चाहिए." आयुष्यात पहिल्यांदा माझी भीती कामी आली.

गार झाल्यावर पाणी ओतून दिलं. झाकणाच्या तोंडातून वाकडी सळई आत घालून आधार दिला आणि कडेकडेने ठोकत पोचा लहान करत आणला. मधोमध एकदम उचलला तर पत्रा ताणला जातो. शेवटी डोळ्यांना पोचा दिसेनासा झाला. अंगठा फिरवला की मात्र एक खळगी लागे. आणखी ठोकायचं धाडस होईना.

रविवारी पूजेआधी भाच्याने गाडी दारात आणली आणि आबांपुढे नारळ धरला. आबांनी तो घेतला नाही. आधी टाकीजवळ आले, वाकले, डोळे बारीक केले.

"खंय होतो?"

त्यांनी अंगठा फिरवला. थांबले.

"हंय," आबा म्हणाले. "ऱ्हवांदे. खंय फोडलो ता देवाक कळाक व्हया."

आणि नारळ मागून घेतला. गाडीसाठी मागितलं, भाच्यासाठी, खोलीसाठी. शेवटी आवाज चढवून म्हणाले, "आणि ह्या भित्र्या झिलाच्या हाताक यश दी, म्हाराजा!"

स्वतःसाठीच्या मागण्याला आपण हो म्हणायचं की नाही, मला माहीत नव्हतं. पण सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" मीच ओरडलो.

आबांनी नारळ उचलला. त्याबरोबर भाचा, मी आणि अख्खी खोली टाकीच्या पुढे आडवी आली.

"सरा रे," आबा म्हणाले, "दगड दिसाना माका."