पोवळेकाकांचा मांसाहारी दगड

२००६ सालच्या गणपतीआधीच्या शेवटच्या रविवारी, सकाळी, फुलपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या सभेत पोवळेकाकांवर अन्याय झाला. एकमताने झाला, आणि वर समोसे खाऊन झाला.

पोवळेकाका म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्याकडे टीव्हीच्या जागी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती आणि तीत मासे नव्हते, प्रवाळ होते. मऊ जातीचे. "कडक प्रवाळ घरात ठेवणं कायद्याला मंजूर नाही, मलाही नाही," हे ते आल्यागेल्याला न विचारता सांगत.

वीज गेली की टाकीचा पंप बंद पडे. मग दार वाजवणाऱ्याच्या हाती काका प्लास्टिकचा मग देत. "बसा. पाणी उचला, वरून ओता. हळू हो, त्यांच्या अंगावर नको." भारनियमनाविरुद्धची पत्रकं वाटायला गेलेली मी अशीच अडकले. "वाच गं पुढारी, वाच. पण हात थांबवू नकोस." आमचं अख्खं निवेदन मी प्रवाळांना ऐकवलेलं आहे.

मिटलेल्या प्रवाळाला नाव द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. दिवा लावून थांबायचं. तो फुलला की भिंगातून एकेका फुलाची बोटं मोजायची. "आठ? आणि कडेला पिसासारखी झालर? मग हा चामड्या, चामड्यासारख्या कातडीचा." हा चामड्या अधूनमधून मिटून बसे, अंगावर मेणचट पापुद्रा धरी. शेजारी सांत्वनाला येत. "मेला नाही हो, कात टाकतोय. पाणी फिरतं ठेवा आणि बोट लावू नका."

तेवढ्यात सेक्रेटरींच्या मुलीच्या पत्रिकेत कडक मंगळ निघाला.

"काका, तुमच्याकडे एवढी पोवळी. एखादं लहानसं द्या ना, अंगठीत बसेलसं."

"अहो, अंगठीतलं पोवळं म्हणजे नुसता सांगाडा. हे जिवंत आहे. संध्याकाळपर्यंत अंगठीसकट वास मारेल."

सेक्रेटरी दुखावले. पुढच्याच सभेत, म्हणजे त्या रविवारी, विषय आला. "दगड असेल तर राहू द्या. प्राणी असेल तर सोसायटीत पाळीव प्राण्यांना बंदी आहे. काय ते सांगा."

"काका, दगड म्हणा!" मागून सगळे कुजबुजले. एका शब्दात टाकी वाचत होती. काका उभे राहिले.

"प्राणी आहे. तोंड आहे त्याला. यातले काही कोळंबीचा कीसही खातात."

"म्हणजे मांसाहारीसुद्धा!" खजिनदार ओरडले. हेच खजिनदार दर रविवारी सुकट भाजून अख्खा जिना दरवळवत.

टाकी विसर्जनाआधी काढावी, असा ठराव झाला. माझा विरोधातला हात मोजलाच नाही, कारण फ्लॅट बाबांच्या नावावर. आणि बाबांचा हात ठरावाच्या बाजूने. घरी जाब विचारला तर म्हणाले, "अगं, सगळ्यांनीच वर केला."

टाकी निघाली आणि तिच्यामागे काकांचं बिऱ्हाडही निघालं. वटार गावात भाड्याचं घर. टेम्पोत गाद्या, फ्रीज, बादल्यांत प्रवाळ. चामड्याची बादली काकूंच्या मांडीवर. सेक्रेटरी खाली आले. मला वाटलं, माफी मागतील.

"काका, आता जाताच आहात, तर एक द्याच."

"आधी या चामड्याची पत्रिका बघा," काका म्हणाले. "जुळली तर देतो."

टेम्पो गेला. आमच्या इमारतीत खोटं बोलणारा राहू शकला असता. खरं बोलणारा गेला. तुमच्या सोसायटीतही कुणाला असं उभं करतील. तेव्हा मागे बसून कुजबुजू नका. उठा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं "नामंजूर" म्हणा.