तिचं पुस्तक आपण घ्यायचं नाही

माझी धाकटी बहीण प्रेमकथा लिहिते, पण ते मी कुणापाशी बोलत नाही. तिनेच माझ्या तोंडाला कुलूप घातलंय. तिचं नाव सांगायचं नाही, पुस्तकाचं तर नाहीच नाही. घरात तिला भिंगरी म्हणतात, तेवढं तुम्हाला पुरे.

तिच्या नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला आणि ही एक बॅग घेऊन माझ्या दारात आली. आली ती भिंतीकडे तोंड करून पडली. खाणं नाही, बोलणं नाही. मी आधी गोडीने घेतलं, मग फाडफाड बोलले, शेवटी हात टेकले. मग कोण जाणे कसं, तिने मोबाइलवर एक फुकटची प्रेमकथा उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी आपणहून उठून चहा टाकला. म्हणाली, आज ती दोघं भेटणार आहेत. त्या दोघांचं भलं होवो, माझी बहीण त्यांनी उठवली.

मग तिने सपाटाच लावला. लिफ्टच्या कंपनीत ती फोनवर बसते. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मिस्त्री पोचेपर्यंत बोलण्यात गुंतवून ठेवायचं, हे तिचं काम. दोन फोनच्या मधे वाचायची. निवडायची तऱ्हा मात्र न्यारी. मुखपृष्ठावर उघड्या छातीचा, चित्रात डोकंच न आलेला पुरुष दिसला की बाद. सुरुवातीची पानं फुकट वाचायला देतात, त्यात नायिका आरशासमोर उभी राहून स्वतःचं वर्णन करायला लागली की बाद. आणि वाचकांच्या मतांत आधी शिव्या शोधायच्या. छान छान म्हणणारे सगळे नातेवाईक असतात, असं तिचं ठाम मत.

वाचता वाचता लिहायला लागली. टोपणनावाने तीन पुस्तकं त्या ऑनलाइन दुकानात चढवली. तिथे रोज पुस्तकांचा लोंढा, हिच्याकडे कोण ढुंकून बघतो? चौथ्यात तिने जीव ओतला. ते दुकानात लागलं त्या दिवशी मला म्हणाली, "ताई, एका तरी अनोळखी माणसाने हे शेवटपर्यंत वाचू दे. नाहीतर लिहिणं बंद." लिहिणं बंद झालं की ही पुन्हा त्या पलंगावर जाणार, हे मला ठाऊक होतं.

आमच्या दादाचं नळ-पाइपांचं दुकान. मी लोकांचे कर भरून देते. म्हणजे पुस्तकांच्या धंद्यातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. मी दादाच्या कानावर घातलं, आणि त्याने घरच्या ग्रुपवर फर्मान काढलं, आपल्या पोरीचं पुस्तक आहे, आज सगळ्यांनी घ्या. घेतलं की सगळ्यांनी. दादाने, मावशीने, चुलत भावंडांनी, आणि सगळ्यांच्या आधी मी. पाच-पाच स्टार ठोकले. मावशीने तर खाली लिहिलं, लेखिका लहानपणापासून गुणी आहे.

संध्याकाळी भिंगरीने पुस्तकाचं पान उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ते ऑनलाइन दुकान म्हणे बघतं, हे पुस्तक घेणारे आणखी काय काय घेतात, आणि तसल्याच लोकांना ते दाखवत सुटतं. आता आम्ही काय घेतो? दादा ड्रेनेजच्या पाइपांची पुस्तकं, मावशी मधुमेहाचा आहार, मी करांचे नियम. हिच्या प्रेमकथेखाली तीच सगळी ओळीने मांडून ठेवलेली. दुकानाने ते नेऊन दाखवलं प्लंबरांना आणि मधुमेह्यांना. त्यांनी काही घेतलं नाही, तेव्हा हे चालत नाही असं धरून तळाला ढकलून दिलं. प्रेमकथा वाचणाऱ्यांच्या नजरेला ते पडलंच नाही. दादाला हसू आवरेना. मलाही आलं, खोटं कशाला बोलू, पण मग तिचा चेहरा पाहिला.

ती ओरडली असती तर परवडलं असतं. हळू आवाजात म्हणाली, तुम्ही सगळ्यांनी मिळून मारलंत ते.

पुष्कळ दिवस धुमसून एकदा जेवता जेवता तिने सांगून टाकलं, एक शेवटचं लिहिते. नवं टोपणनाव, नवी गोष्ट. घरात कुणाला कळू देणार नाही, तुलासुद्धा नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, तुझ्या वेण्या घातल्या, तुझी दुखणी काढली, आणि आता मी परकी का?

"परकी असतीस तर तुला घेता आलं असतं, ताई," ती म्हणाली.

ते पुस्तक कधी लागलं, तिने सांगितलं नाही. पण मध्यंतरी घासागणिक फोन बघायची, त्यावरून मी ओळखलं. हल्ली बघत नाही. कामावरून येते, चपला पायात तशाच, आणि भिंतीकडे तोंड. विचारायची चोरी. जीव नुसता टांगणीला. म्हणून मी त्या दुकानात शिरून प्रेमकथांची फुकटची पानं वाचायला लागले. एखादी आवडायची, पण घ्यायची कशी? तिची निघाली तर?

काल सापडली. नायिका पलंगावर पडलेली आणि तिची थोरली बहीण दारातून ओरडतेय, 'ऊठ गं बये, मेलीस की जिवंत आहेस ते तरी सांग.' हे माझं बोलणं. शब्द न् शब्द माझा. पुढे लिहिलंय, 'ताई शिव्या द्यायची आणि मी श्वास घेतेय ना, ते बघून मगच जायची.' म्हणजे ते तिला कळत होतं. मी तोंडावर पदर धरून रडले.

फुकटची पानं तिथेच संपली. खाली एक स्टार नाही, कुणाचा एक शब्द नाही. विकत घ्यायचं बटण तेवढं समोर. पुढे त्या बहिणींचं काय होतं, ते मला वाचायचं होतं हो. पण घेतलं तर ते पुन्हा माझ्यासारख्यांनाच दाखवत फिरणार, आणि नाही घेतलं तर घेणार कोण? बोट बटणावर नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं.

शेवटी फोन पालथा ठेवला. तिच्या खोलीच्या दाराशी गेले, आणि ती श्वास घेतेय ना, ते बघत उभी राहिले.