हेलनबाईंसाठी पाळणा

जानेवारी १९६७, शनिवार. हजर: पालघरच्या आमच्या महिला मंडळातर्फे मी, निवृत्त नर्स सुशीलाबाई आणि शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या प्रमिलाताई. सामान: सागवानी पाळणा, दुपटी, डिंकाचे लाडू.

तारापूरजवळ अणुवीज केंद्र उभे राहत आहे. तिथे कामाला आलेल्या अमेरिकन कुटुंबांना दूध, दवाखाना, बाजार यासाठी हक्काचे माणूस हवे, म्हणून मंडळाने हे काम अंगावर घेतले. हेलनबाईंचे दिवस भरत आले होते. पहिलीच खेप, आणि आई सातासमुद्रापार.

बोईसरला उतरून एस.टी. धरली. पाळणा पाहून कंडक्टर म्हणाला, "मावशी, बाळाचं तिकीट?"

"बाळ यायचंय अजून. तोवर पाळणा टपावर चढव," सुशीलाबाई म्हणाल्या.

ताडाची झाडे मागे पडली. घिवलीकडून सुकत्या बोंबलांचा वास आला, तेव्हा उतरायची तयारी केली.

बंगलीत पाहतो तर ट्रंक बांधलेली! हेलनबाई मुंबईला निघाल्या होत्या, एकट्या. रडून डोळे लाल. घिवलीची जैबाई मासळी विकून झाली की त्यांचे पाय चोळून द्यायची. मंगळवारी जाताना ती "येते" म्हणाली. हा शब्द बाईंना ठाऊक होता. त्या तेलाची वाटी घेऊन संध्याकाळपर्यंत बसल्या, बुधवारीही बसल्या. "येते म्हणते आणि येत नाही. बाळंतपणात मी कुणाच्या भरवशावर राहू?" असे त्यांनी प्रमिलाताईंना विचारले.

तेवढ्यात टोपली घेऊन जैबाईच दारात उभी. तिचे वार मंगळवार आणि शनिवार एवढेच होते! सगळे ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"अगो बाय, जाते कोन म्हनेल? अभद्र ते! निघताना आमी येतेच म्हनतो."

प्रमिलाताईंनी इंग्रजीत समजावले. हेलनबाई पोट धरून हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "आणि बाळ येईल तेव्हा?"

"तवा नुसती हाक मार. टोपली तितंच टाकून येते. ही येते खरी हाय!"

ट्रंक उघडली गेली. आमची दुपटी तिच्यातच ठेवली. तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी बाईंनी नाक पुसत पुसत संपवली. पाळणा टांगायला गेलो, तर छताला कडीच नाही!

"अणूची भट्टी बसवतात, आणि पाळण्याला कडी नाही!" सुशीलाबाई म्हणाल्या.

निघताना हेलनबाई पायरीपर्यंत आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "येते!"

"अगो, ते जानारीनं म्हनायचं," जैबाई ओरडली. "तू 'या' म्हन!"

"या," हेलनबाई म्हणाल्या.

परतताना ऊर भरून आला होता. निरोप घेतानाच परत येण्याचा शब्द देणारी आमची भाषा. तो शब्द पाळणारी आमची माणसे.

पाळणा मात्र अजून जमिनीवरच आहे. बोईसरचा मिस्त्री "येतो" म्हणाला आहे.