शून्य मार्कांचा पेपर

अहिरे बाई ॲसिडच्या बाटलीला हात लावण्याआधी नळ सोडून बघत. पाणी आलं तरच बूच निघे. उधन्याच्या आमच्या शाळेत त्या अकरावीला रसायनशास्त्र शिकवत. द्रावणाचं कुठलंही गणित असो, फळ्यावर आधी पाण्याचं भांडं काढत. "घाबरा रे पोरांनो," म्हणत, "न घाबरणाऱ्याला मी प्रॅक्टिकलला उभं करणार नाही." पाठीमागे आम्ही त्यांना 'भित्री बाई' म्हणायचो. त्यात मी सगळ्यांत पुढे.

एकदा चाचणीत गणित आलं: दहा मोलर सल्फ्युरिक ॲसिडपासून दोन मोलरचं पाचशे मिली द्रावण कसं कराल? मी झटक्यात शंभर मिली काढलं आणि खाली लिहिलं, 'ॲसिड घेऊन त्यात पाणी ओतावे.' बाईंनी शून्य दिलं. मी तणतणत टेबलापाशी गेले.

"उत्तर बरोबर आहे ना, बाई?"

"आकडा बरोबर आहे. पण ॲसिडात पाणी ओतलंस तर ते उसळून तोंडावर उडेल. आधी पाणी, मग ॲसिड, तेही हळूहळू. हे उलटं तुला कुणी शिकवलं?"

"पप्पा मिलमध्ये असंच करतात."

बाईंचा चेहरा उतरला. "कधी करतात?"

"रोज चार वाजता."

साडेतीन झाले होते. बाईंनी माझा दंड धरला आणि रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. मिल भेस्तानला; त्या वाटेवर टेम्पोंची रांग लागलेली. पप्पांचा चेहरा आठवायला जावं, तर तो धड डोळ्यांसमोर येईना. बाईंचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील असं वाटलं, पण त्या घड्याळातली मिनिटं मोजत होत्या.

वॉचमन आत सोडेना. "इसके पप्पा को बाहर बुलाओ, अभी के अभी!" बाई ओरडल्या. एवढा मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

पप्पा हात पुसत बाहेर आले. "काय झालं, बाई? लवकर बोला. ड्रममध्ये ॲसिड ओतून आलोय, पाणी सोडायचंय."

बाईंनी सगळं सांगितलं. पप्पा हसले. "दहा वरीस व्हयनात, बाई. काही व्हयनं नही."

"मना भाऊबी हाईच म्हने, दादा," बाई त्यांच्याच बोलीत म्हणाल्या. "आते त्याले दिसत नही."

पप्पा वळले आणि आत गेले. आम्ही फाटकाशी उभ्या राहिलो. आत काहीही वाजलं की बाई माझा हात घट्ट दाबत. अर्ध्या तासाने पप्पा आले. दुसऱ्या ड्रममध्ये आधी पाणी भरून त्यांनी मगाने थोडं थोडं ॲसिड सोडलं होतं. "तरी ड्रम बाहेरून केवढा तापला," म्हणाले आणि तिथेच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मी मार्क मागितले. "शून्यच राहू दे," बाई म्हणाल्या.

बारावीचा माझा निकाल कुठे आहे, ते पप्पांना आजही सांगता येणार नाही. तो शून्याचा पेपर मात्र त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलाय. गेल्या वर्षी बाई गेल्याचा फोन आला, तेव्हा त्यांनी तो काढला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यांना अजून चष्मासुद्धा लागत नाही.