पन्नास केबीतले बाबा

बाबांच्या दवाखान्याच्या कार्डाची मुदत संपली आणि नव्या कार्डाशिवाय मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळेना. कार्डासाठी फोटो वेबसाइटवर चढवायचा होता, पन्नास केबीच्या आत. ज्या माणसाने उभी हयात भिलाईच्या भट्टीपुढे काढली, त्याला मावायला पन्नास केबी!

फोटो मीच काढला, भिलाईतल्याच रुआबांध्याच्या घरात. आईने बाबांना नव्या कूलरशेजारी उभं केलं, कारण तोच फोटो नागपूरच्या नातेवाइकांनाही जायचा होता. आमच्यात फोटो कधी एकाच कामासाठी काढत नाहीत.

मग मी सॉफ्टवेअरांची परीक्षा घेतली. पहिल्या वेबसाइटने बाबांचा चेहरा भिजलेल्या साबणासारखा केला. मोबाइलमधल्या अ‍ॅपने आधी जाहिराती दाखवल्या, मग बाबांच्या तोंडावर फरश्या बसवल्या. लॅपटॉपवरचं तिसरं फुकट होतं, म्हणून त्याने बाबांच्या कपाळावर स्वतःचं नाव छापलं. दर्जा तसाच राहील, असं तिघांनीही छातीठोकपणे सांगितलं होतं. निवडणुकीतले उमेदवारसुद्धा याहून जपून बोलतात.

त्यातल्या त्यात बरा म्हणून साबणवाला फोटो बाबांना दाखवला.

"हा कोन हाय? माहा डाग कुठं गेला?"

डाव्या गालावरचा भाजल्याचा डाग. भट्टीच्या ठिणगीने दिलेला, आणि कागदोपत्री बाबांच्या ओळखीची खूण. एरवी त्यांना त्याची लाज वाटे. माझ्या लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये त्यांचा उजवाच गाल आहे. तरी मी तो फोटो दामटून पाठवला. अर्ज परत आला: खूण दिसत नाही.

खरी मेख कूलरमध्ये होती. पन्नासातले निम्मे केबी तोच खात होता. मी तो कापायला घेतला.

"कूलर कायले काटून राहिली?" आई कडाडली.

"मग काय बाबांना कापू?"

नुसता चेहरा ठेवल्यावर त्याच साबणवाल्या वेबसाइटने तो डागासकट निमूट बसवला. अर्ज मंजूर झाला. नागपूरला कूलर वेगळा गेला.

कार्ड घ्यायला बाबांना घेऊन गेले. खिडकीतल्या बाबूने फोटोकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "निशान दिखाइए," तो म्हणाला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी डावा गाल खिडकीच्या गजांना टेकवला.

"देख लो," ते म्हणाले, "असली है."