आईच्या अंगातली देवी

आमच्या आईच्या अंगात देवी यायची, ती फक्त उपाशीपोटी. दोन वर्षं अख्ख्या गावाने हे डोळ्यांनी पाहिलं, पण कुणाला त्याचं काही वाटलं नाही. देवी आहे, ती उपासालाच येणार, यात विचारायचं काय!

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोलीकडच्या कुरखेड्याच्या अलीकडे आमचं गाव, धानाची शेती. आईचे सोमवार, एकादशी, चतुर्थी सगळे कडक. उपासाच्या दिवशी ऊन चढू लागलं की तिला दरदरून घाम फुटे, हात थरथरत, नजर एका जागी लागे आणि ती भलतंच बोलू लागे. शेजारणी हळदकुंकू घेऊन हजरच. गाय कुठी गेली, पोरीचं लगन कधी जमते, असे प्रश्न सुरू. देवी पुटपुटे आणि अर्थ शेजारणी लावत. मग नैवेद्याचा गूळ तिच्या तोंडात घालायचा, वर घोटभर पाणी. थोड्या वेळात देवी शांत. "गोड भेटलं का खुश होते माय," असं म्हणून बाया घरी जात. आईला काहीच आठवत नसे. पुढे एका जाणत्या बाईने सल्ला दिला की देवी जागृत आहे, उपास वाढवा. आईने मंगळवारही धरला. आगीत तेल म्हणतात ते हेच.

मग रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत ती भर बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, चिखलात कोसळली. त्या दिवशी उपास नव्हता, नुसती न्याहारी राहिली होती. तिथे गूळ कुणाकडे असणार? तिला झटके येऊ लागले. मी तालुक्याच्या शाळेत मास्तरीण होते. निरोप मिळताच धावत आले आणि बाबांशी भांडून तिला गडचिरोलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर पार तळाला गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर आई उठून बसली आणि म्हणाली, "रोवना झाला का?"

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं, पोटाच्या मागे स्वादुपिंड असतं, त्यात एखादी बारीक गाठ जास्तीचं इन्सुलिन करत असावी. दुर्मीळ आजार. खात्री करायला तिला वॉर्डात उपाशी ठेवायचं आणि झटका आला की रक्त घ्यायचं ठरलं. आई एकदम खुलली. "हा उपास कोन्या देवाचा, डाक्टर?"

"माझा," डॉक्टर म्हणाले.

रक्त बर्फात घालून मुंबईला गेलं. इन्सुलिनसोबत सी-पेप्टाइड नावाचा प्रथिनाचा एक तुकडाही मोजणार होते. शरीराने स्वतः इन्सुलिन केलं तरच तो वाढतो, सुईने बाहेरून दिलं तर वाढत नाही. म्हणून डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी इंजेक्शन देतं का? बाबा भडकले. "आमच्या घरी सुई हाय त गोधडी शिवाची हाय, साहेब!"

दोन्ही वाढलेली निघाली. म्हणजे गाठ होती. पण ती कुठवर गेली, हे रक्त सांगत नाही. डॉक्टर म्हणाले, अशी गाठ बहुधा जागची हलत नाही. हललीच तर यकृतात जाते, आणि मग आम्हा डॉक्टरांच्या हातात फार थोडं उरतं. गाठीचा स्वभाव सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा ओळखता येत नाही. पसरली असेल तर वाईट, नाहीतर साधी. म्हणजे पोट उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. मी घाबरले, फार घाबरले. आई मात्र शेजारच्या खाटेवरच्या बाईला उपासाचे नियम शिकवत होती.

शस्त्रक्रिया संपवून सर्जन बाहेर आले. "बोराएवढी होती. काढली. यकृत सगळं हाताने चाचपून पाहिलं, स्वच्छ आहे." बाबा भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी इतक्या मोठ्याने हसले की नर्सबाई ओरडल्या.

तरी एक धास्ती उरलीच होती. कुठे कणभर राहिली असेल तर? आई पोटभर जेवू लागल्यावर एके सकाळी डॉक्टरांनी तिला साखर तपासायला उपाशी ठेवलं. मी तिच्या कपाळाकडे बघत बसले. ऊन खिडकीतून आत आलं, देवीची वेळ झाली, टळली. घाम नाही, थरथर नाही. आई इकडेतिकडे बघत होती, तोंड आंबट करून.

"किती वेळ बसवून राह्यले वो हे? मले भूक लागली."

दोन वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भूक लागली म्हणायच्या आधीच तिचं भान जात असे. मी पदरात तोंड घालून हमसाहमशी रडू लागले.

"रडून काऊन राह्यली व?" आई वैतागली. "जाय, भात आन."