एकाच काचेवरचे दोन फोटो

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, पण खरं सांगायचं तर गंमत म्हणून. भूत, भानामती, उतारा यातलं काही आमच्या घरात कधीच नव्हतं. माझी माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, वीटभट्टीवर विटा वाहायची, आणि घरी आल्यावर मला म्हणायची, "लोकं काय म्हणत्यात ते सोड, पुस्तकात काय हाय ते वाच." तिच्या कष्टावर मी बी.एस्सी., बी.एड. झाले. आमच्या घरातली पहिली. आज परभणीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. "जे तपासता येत नाही त्यावर विश्वास ठेवू नका," हे मीच मुलांना सांगते.

म्हणून हे लिहायला मला लाज वाटते. पण मी तपासलं... आणि तपासूनच अडकले.

मागच्या वर्षी आम्ही परभणीत स्वतःचं घर घेतलं. मायचं हृदय तोपर्यंत फार कमजोर झालं होतं. दोन खोल्या चालली तरी तिला धाप लागायची. मला वाटलं, हॉलच्या भिंतीवर तिच्या माहेरचे फोटो मोठे करून लावावेत. तिचं माहेर म्हणजे जिंतूर तालुक्यातलं बोरी. तिथलं बालपण दाखवणारे तिच्या पेटीत तीनच फोटो होते. एक आजी-आजोबांचा, दाराच्या चौकटीत उभे असलेला. दुसरा शाळेचा ग्रुप फोटो, त्यात माय चौथीच्या रांगेत बसलेली. तिसरा एका फडक्यात गुंडाळलेला. त्यात खुर्चीवर चार वर्षांची कमलमावशी, केस विंचरलेली, नवा झगा घातलेली. शेजारी नऊ वर्षांची माय उभी. तिचा एक हात मावशीच्या मानेमागे गेलेला, म्हणून दिसत नाही.

कमलमावशी लहानपणीच तापाने वारली, एवढंच मला माहीत होतं. हा फोटो मी शाळेत असताना एकदा चोरून पाहिला होता. टपोऱ्या डोळ्यांची, समोर एकटक बघणारी मुलगी. मला ती फार आवडली होती.

तिन्ही फोटो स्कॅन केले आणि मायला मोबाईलवर मोठे करून दाखवले. शाळेच्या फोटोला ती हसली. "ही बग, ही मथुरा. सारखी माझी पाटी फोडायची." मग मी तिसरा दाखवला. मायने मोबाईल हातात घेतला, जवळ नेला, आणि मांडीवर पालथा ठेवला.

"डोळे कामून उघडे हायत हिचे?"

"म्हणजे?"

"फोटो काढला तवा कमल गेलेली होती, बाई."

त्या वेळी अशी रीत होती, हे मला तेव्हाच कळलं. जिवंत असताना माणसाचा फोटो काढायची ऐपत कुणाची? मग माणूस गेलं की खुर्चीवर बसवायचं, नवे कपडे घालायचे आणि एक फोटो काढून ठेवायचा. नाहीतर चेहरासुद्धा राहायचा नाही. त्या दिवशी सेलूचा फोटोवाला शाळेचा ग्रुप काढायला बोरीत आला होता. ग्रुप झाला, मुलं उठली, आणि तेवढ्यात आजोबा शाळेच्या अंगणात पळत आले. सकाळी कमल गेली होती. त्यांनी फोटोवाल्याचे पाय धरले. घराकडे जाताना कॅमेऱ्याचं स्टँड मायनेच उचललं होतं.

"तिची मान ठरंना," माय सांगत होती. "फोटोवाला म्हणाला, एक पोर मागून धरू द्या. मीच धरली. दोन बोटं हितं..." तिने मानेमागून हात नेत बोटांची टोकं स्वतःच्या जबड्याखाली टेकवली. "त्यानं एक, दोन म्हणलं आन् कमलनं गिळलं."

"काय?"

"थुका गिळतो ना आपण, तसं. माझ्या बोटाला लागलं. मी म्हणले, माय, ही गिळायलीय. मायनं तोंडावर बोट ठेवलं, गप म्हणून. फोटोवाला वरडला, हलू नको पोरी, काच वाया जाईल. मग मी हलले न्हाई."

दुपारी कमलला ओढ्याच्या काठाला पुरलं. माय त्याबद्दल पुन्हा काहीच बोलली नाही. साठेक वर्षं नाही. माझ्या बापाला नाही, मला नाही. तो फोटो घरी आला तेव्हा तिने एकदाच पाहिला होता. डोळे मिटलेले होते, हे तिला पक्कं आठवत होतं. त्यानंतर तिने ते फडकं कधी उलगडलं नव्हतं.

"आता डोळे उघडलेत तिनं," माय म्हणाली. "मला इचारायलीय ती."

मी शिक्षिकेसारखं समजावलं. स्टुडिओवाले मेलेल्या माणसाच्या पापण्यांवर ब्रशने डोळे रंगवायचे, हे मी कुठेतरी वाचलं होतं. "तुला नीट आठवत नसेल, माय. रंगवलेलेच असतील."

"मग बोरीला चल," ती म्हणाली. "शेजारची गयाकाकू हाय अजून. कमलला आंघोळ तिनंच घातली होती."

डॉक्टर प्रवास नको म्हणाले होते. पण त्या दिवसापासून माय धड जेवेना, आणि उजव्या हाताची दोन बोटं सारखी पदराला पुसायला लागली. मी गाडी केली.

शाळेची इमारत नवीन होती, पण ग्रुप फोटोतली दगडी भिंत मागे तशीच उभी होती. माय तिला टेकून जरा बसली. मग आम्ही वस्तीत गयाकाकूंकडे गेलो. काकूंनी नव्वदी ओलांडलेली, पण आवाज खणखणीत.

"कोण, इंदी का? आली का गं शेवटी! मी म्हणलं, आता माझ्या मातीलाच येती का काय."

"तुमी कुठं जाताव काकू, आमाला पोचवून जातान."

"तुज्यासारखी धापा टाकीत न्हाई मी. ही लेक का? मास्तरीण? बरं झालं. खाय गं काहीतरी, किती वाळलीस!"

चहा झाला. मग मायने विचारलंच. "काकू, कमलला तुमी धुतलं. अंग गरम होतं का हो?"

काकूंनी कप खाली ठेवला. "तापानं गेलेलं लेकरू ऊन राहतंच की, घंटा-दोन घंटे."

"तिनं गिळलं, काकू. माझ्या हातात."

"इंदे, तू नऊ वर्साची होतीस."

"म्हणून तर कुणी ऐकलं न्हाई."

काकू उठल्या, आतून एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. "तुमी गाव सोडलं तवा तुज्या मायनं हे मला दिलं. नदीत सोड म्हणली. माझ्याच्यानं झालं न्हाई." आत एक फोटो होता. तोच. फोटोवाल्याने दोन प्रती पाठवल्या होत्या, हे मायलाही माहीत नव्हतं. तीच खुर्ची, तोच झगा, मायचा तोच लपलेला हात. कमलमावशीचे डोळे मात्र मिटलेले.

मी आमच्याकडची प्रत पर्समधून काढून शेजारी ठेवली. काकूंनी दोन्ही डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या आणि मागे सरकल्या. "दोन्ही सारखेच आलते गं. पाकीट मीच फोडलं. दोन्हींत निजलेलं होतं लेकरू."

काकूंनी त्यांची प्रतही आम्हालाच दिली. मग मायला ओढ्याचा काठ दाखवायला नेलं. तिथे आता सोयाबीन होतं. नक्की जागा काकूंनाही सांगता आली नाही. माय बांधावर बसून राहिली. निघताना तिने माझं मनगट धरलं. "तू शिकलेली हायस. मला एवढंच शोधून दे. ती गेलेली होती का न्हाई. मग मी मरायला मोकळी."

पुढच्या रविवारी मी एकटी सेलूला गेले. कापसाच्या बाजाराजवळ तो स्टुडिओ अजून आहे. आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स. मागच्या खोलीत एक म्हातारे चाचा बसलेले असतात. तरुणपणी ते तिथे टचिंगचं काम करायचे, म्हणजे फोटोवर ब्रशने सुधारणा. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. आधी आमच्याकडची, उघड्या डोळ्यांची प्रत दिली. विचारलं, "चाचा, हे डोळे रंगवलेले आहेत ना?"

त्यांनी भिंग लावलं. खिडकीशी गेले, फोटो तिरका धरून बघितला.

"न्हाई बेटी. टचिंग केलं की रंग वर बसतो, उजेडात चमकतो. इथं काहीच न्हाई." ते हसले. "उलट पोरीनं फोटोवाल्याला हैराण केलं आसंल. पापणी हलवली बघा, जरा धूसर आलीय. तवा कॅमेऱ्याचं झाकण काढून एक-दोन मोजायचे, तेवढ्यात लेकरं हलायचीच."

"आणि मयताचा फोटो असेल तर?"

"मयताचा फोटो एकदम साफ येतो. जिता माणूस जरा तरी हलतो. मयत कशाला हलंल?"

मी काकूंची प्रत समोर ठेवली. चाचांचं हसू गेलं. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या, भिंग कितीतरी वेळ फिरवलं. शेवटी डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे केसासारखी एक बारीक रेघ होती. दोन्ही फोटोंत, त्याच जागी, तशीच वाकडी.

"निगेटिव्हच्या काचेवरचा ओरखडा हाय हा. एकाच काचेवरून दोन्ही छापलेत." ते हळू बोलत होते. "हा मयताचा. आन् हा जित्याचा. पण काच तर एकच..."

"असं होऊ शकतं का, चाचा? केमिकलनं, ओलीनं?"

"फोटो पिवळा पडंल. उडून जाईल. डोळे कसे उघडतील?" त्यांनी दोन्ही फोटो पालथे करून माझ्याकडे सरकवले. "घेऊन जा बेटी. आन् ह्या घरात कुणी म्हातारं आसंल, तर त्याला काही सांगू नको."

परतताना रेल्वेत मी फक्त एकच विचार करत होते. माय विचारणार. आणि तिने विचारलंच, मी चप्पल काढायच्या आत. ती पलंगावर बसून वाट बघत होती, दोन उशा पाठीला लावून.

"काय म्हणाला सेलूचा?"

"रंगवलेत, माय," मी म्हणाले. "ब्रशनं. त्यानं लगेच ओळखलं. नंतर कुणीतरी हौसेनं करून घेतलं असेल."

"खरं?"

"खरं."

मी तिला काकूंची प्रत दिली. तिने ती मांडीवर घेतली, मिटलेल्या डोळ्यांवरून अंगठा फिरवला. "लय बारीक मान होती गं तिची," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "म्हंजे मी उगंच... एवढी वर्सं." आणि रडली. तिला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, बाप गेला तेव्हाही नाही. त्या दिवशी ती पोटभर जेवली. बोटं पुसायची थांबली. दोन महिन्यांनी ती शांतपणे गेली. काकूंची प्रत मी तिच्यासोबत दिली.

आता माझ्याकडे उघड्या डोळ्यांचीच प्रत आहे. जुन्या छपाईबद्दल मिळेल ते वाचलं. चांदी काळी पडते, कागद सुटतो, हे सगळं होतं. मिटलेले डोळे उघडतात असं कुठेही लिहिलेलं नाही. माय आणि काकू, दोघींची आठवण सारखीच चुकली असं धरलं, तरी एका काचेवरून दोन वेगवेगळे फोटो कसे निघाले, हे उरतंच. आणि त्याहून मोठा प्रश्न असा, की मी मायशी खोटं बोलले का? एका फोटोप्रमाणे कमलमावशी गेलेलीच होती, म्हणजे मी तिला खरं तेच सांगितलं. दुसऱ्याप्रमाणे, ज्या बाईने मला खरं बोलायला शिकवलं, तिला मी तिच्या शेवटच्या दिवसांत फसवलं. कोणता फोटो खरा, हे मला आजही सांगता येत नाही.

इथे कुणाला जुन्या फोटोंमधलं कळत असेल आणि ते डोळे रंगवलेले असू शकतात असं वाटत असेल, तर जरूर कळवा. दुसरं काही वाटत असेल, तर कृपा करून कळवू नका.